सममिती तपासा, पण हाताने

आठ-दहाच आकडे असतील तर हिस्टोग्राम (स्तंभालेख) पाहून सममिती, म्हणजे आकड्यांची वाटणी केंद्राच्या दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हे ठरवण्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. तिथे मी संख्याशास्त्रज्ञ विलकॉक्सनची १९४५ची चिन्हांकित क्रमांक चाचणी लावतो, आणि पहिल्यांदा तरी कागदावरच.

केंद्र शून्य धरू. आकडे: १, −२, ३, −४, ५, ८, ९, १२. चिन्ह विसरून लहानापासून क्रमांक द्या: १ ते ८. (शून्य आलं तर गाळा, बरोबरी झाली तर सरासरी क्रमांक.) आता चिन्हं परत लावा. ऋण क्रमांक २ आणि ४, बेरीज ६. धन बाजूला उरले ३०.

वाटणी शून्याभोवती सममित असेल, तर प्रत्येक क्रमांकाला धन किंवा ऋण चिन्ह मिळण्याची शक्यता सारखीच. म्हणजे चिन्हांच्या एकूण २५६ मांडण्या. त्यांपैकी ऋण बेरीज ६ किंवा कमी देणाऱ्या १४, मोजून पाहा. दोन्ही बाजू धरून २८/२५६, म्हणजे ०.१०९. सममिती खरी असताना इतका किंवा याहून एकतर्फी निकाल येण्याची ही शक्यता ०.०५ पेक्षा जास्त आहे, म्हणून ५ टक्क्यांच्या पातळीवर सममिती नाकारता येत नाही.

खरी गोम केंद्रात आहे. निकाल विरोधात गेला, तर वाटणी तिरकी आहे की केंद्रच सरकलंय, हे ही चाचणी सांगत नाही. आणि त्याच आकड्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) काढून तो केंद्र म्हणून वापरलात, तर वरचा २५६चा हिशेब लागू राहत नाही. केंद्र माहीत नसेल तर त्रिकांची चाचणी घ्या: प्रत्येक तिघांत मधला आकडा लहानाच्या जवळ आहे की मोठ्याच्या, एवढंच मोजायचं. आकडे वाढले की त्रिकं भराभर वाढतात. ते काम संगणकाला द्या.