तिथीची पाऊणपट आणि ओली वाळू

रत्नागिरीत माझं औषधांचं दुकान आहे. सकाळी नऊला उघडायचं, दुपारी दीड ते चार बंद, मग रात्री साडेनऊपर्यंत. फोटोग्राफीचा छंद लागला तेव्हा हाताशी वेळ होता तो पहाटेपासून साडेआठपर्यंत आणि रविवारची संध्याकाळ. गेली सात वर्षं मी तेवढ्याच वेळात फोटो काढतेय. दुकानात येणारी कॉलेजची मुलं, शेजारच्या वहिनी, बदली होऊन आलेले बँकेतले साहेब, सगळे एकच विचारतात : आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू? काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना दोन वाक्यांत काय सांगणार? म्हणून आज निवांत लिहिते.

कॅमेरा लगेच घेऊ नका. पहिलं वर्षभर माझ्याकडे फक्त फोन होता आणि त्या वर्षात मी जितकं शिकले तितकं पुढे कधीच शिकले नाही. फोन हातात घ्या आणि मांडवीच्या काळ्या समुद्रावर जा. तिथल्या काळ्या वाळूने स्क्रीन पूर्ण भरेल असा एक फोटो काढा. वाळू काळी येणारच नाही, राखाडी येईल, चुलीतल्या राखेसारखी. मग लाटेच्या पांढऱ्या फेसाने स्क्रीन भरून दुसरा फोटो काढा. फेस मळकट येईल. कॅमेरा मग तो फोनमधला असो की लाखभराचा, समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचं असणार असं धरून उजेड मोजतो. समोर सगळं काळं असलं की त्याला अंधार वाटतो आणि तो उजेड वाढवतो. सगळं पांढरं असलं की कमी करतो. फोनवर स्क्रीनला बोट लावलंत की शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते खाली-वर सरकवून हा हिशेब आपल्या हातात घेता येतो. काळ्यासाठी कमी करायचं, पांढऱ्यासाठी वाढवायचं. मोठ्या कॅमेऱ्यात यासाठी अधिक-उण्याचं बटण असतं. मांडवीवर एक संध्याकाळ एवढंच करा, दुसरं काही नको.

आता समुद्राचं वेळापत्रक. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे पर्यटक येतात, फोटो काढतात आणि जातात, पण किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाकडे जे असतं ते त्यांच्याकडे नसतं.

पहिल्या वर्षी मी भाट्याच्या किनाऱ्यावर जायची आणि प्रत्येक वेळी किनारा वेगळा दिसायचा. एखाद्या रविवारी वाळू अर्ध्या मैलापर्यंत ओली, आरशासारखी, सगळं आभाळ खाली उतरलेलं. पुढच्या रविवारी तीच वेळ, पण पाणी सुरूंच्या बनाजवळ आलेलं आणि आरसा गायब. खाडीत छोटी होडी घालणारे एक काका रोज भेटायचे. त्यांना विचारलं, तर त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज पाऊण तासाने सगळं पुढे सरकतं.

घरी येऊन मी हे कागदावर मांडलं आणि डोक्यात उजेड पडला. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. म्हणजे सूर्य मावळताना पूर्ण भरती, म्हणून त्या रविवारी पाणी सुरूंपाशी होतं. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला, सूर्यास्ताच्या थोडी आधी. शिवाय त्या दिवशी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत असल्यामुळे उधाण असतं. भरतीला पाणी जितकं जास्त चढतं तितकंच ओहोटीला जास्त मागे जातं. वाळू लांबपर्यंत उघडी पडते, तिच्यावर पाण्याचा पातळ थर राहतो आणि वर मावळतीचा उजेड. तुम्हाला तो आरसा हवा असेल तर पौर्णिमा, अमावास्या आणि त्यानंतरची प्रतिपदा हे दिवस धरा. खडकांवर आपटणाऱ्या लाटा हव्या असतील तर अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ. पाऊणपटीचं उत्तर पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतं, त्याने फोटोचं काही बिघडत नाही. पाण्यात उतरायचं असेल तर मात्र छापील कोष्टक बघा. भिंतीवरच्या कालनिर्णयात मी या दिवसांना निळ्या पेनाने गोल करून ठेवते.

आणि सूर्याकडे पाठ करायला शिका. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सगळे समुद्राकडे कॅमेरा धरून उभे असतात. मावळतीच्या आधीच्या वीस मिनिटांत मागे वळून बघा : सुरूची खोडं तांबूस झालेली असतात, भेळवाल्याच्या गाडीची पत्र्याची बाजू चकाकत असते, माणसांचे चेहरे उजळलेले असतात. सकाळी उलटं. सूर्य सह्याद्रीवरून, म्हणजे आपल्या पाठीमागून येतो आणि समुद्रातून परतणाऱ्या होड्यांवर समोरून मऊ उजेड पडतो. होड्यांचे रंग बघायचे तर सकाळच.

वर्षभर मी एकट्या भाट्याला गेले. आज आरे-वारे, उद्या गणपतीपुळे, परवा जयगड असं फिरत राहिलं की प्रत्येक ठिकाणचा एकच दिवस मिळतो. एकाच जागी चाळीस वेळा गेलात की तिथला उजेड ओळखीचा होतो आणि काही नवं घडलं की ते लगेच कळतं. नवख्या माणसाला माझं हे एकच आग्रहाचं सांगणं आहे. घरापासून पंधरा मिनिटांच्या आतली जागा निवडा, कारण लांबची असली की तिसऱ्या आठवड्यात जाणं बंद होतं.

कॅमेरा दुसऱ्या वर्षी घेतला, वापरलेला, सोबत मिळणाऱ्या साध्या लेन्ससह. वापरलेली लेन्स घेताना अंधाऱ्या खोलीत जा, मागून टॉर्च मारा आणि तिरकं धरून काचेत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती घेऊ नका. ती बुरशी.

बुरशीचं मी अनुभवावरून सांगते. कॅमेरा घेतल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी तो मऊ सुती फडक्यात गुंडाळून, जाड पिशवीत घालून, कपाटात वरच्या खणात ठेवला. जून ते सप्टेंबर तो तिथेच. दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढला तर पिशवीला कुबट वास आणि लेन्सच्या आतल्या काचेवर पांढरट जाळं. कोल्हापूरच्या दुरुस्ती करणाऱ्यांनी लेन्स खोलून साफ करून दिली, पण काचेवरचा लेप बुरशीने खाल्ला होता, तो डाग कायमचा राहिला. उजेड समोरून आला की आजही फोटोत तिथे धूसर दिसतं. फार वाईट वाटलं होतं. मी दुकानात रोज लोकांना सांगते, गोळ्यांची बाटली कोरड्या जागी ठेवा, आतली पुडी फेकू नका. तीच गोष्ट कॅमेऱ्याला लागू आहे, हे मात्र सुचलं नव्हतं.

कापड आणि चामडं ओल धरून ठेवतं. पावसाळ्यात कॅमेरा पिशवीत ठेवायचाच नाही. घट्ट झाकणाचा, रबराची कड असलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेल, म्हणजे औषधांच्या पुडीत असतात ते ओल पिणारे मणी, घाला आणि आत आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवा. काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहायला हवा. साठाच्या वर गेला की बुरशीला आमंत्रण. औषधांच्या बाटल्यांतल्या चार पुड्यांनी डब्याला काही होत नाही, पावशेर तरी सुटं जेल लागतं. रंग बदलणारे मणी घ्या म्हणजे ओल पिऊन झाली की कळतं. निळे मणी गुलाबी होतात, पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, ते चांगलं नाही. नारिंगी मिळाले तर तेच घ्या. मंद आचेवर परतले की मणी पुन्हा कामाला येतात. त्यासाठी वेगळी जुनी कढई ठेवा, स्वयंपाकाची नको. आणि तांदळात कॅमेरा पुरून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तांदळाची पूड आत जाते. डब्यापेक्षाही मोठा उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरणं.

खाऱ्या वाऱ्याचं काम वेगळं. किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेऱ्याचं अंग पुसायचं आणि मग कोरड्याने. काचेवर वाळूचा कण असेल तर आधी रबरी फुग्याने हवा मारायची, फडकं लगेच लावलं तर ओरखडा आलाच. ट्रायपॉडचे पायही धुवायचे. तो ओल्या वाळूत उभा करताना आधीच खोल दाबून बसवा, कारण परतणारी लाट पायाखालची वाळू नेते आणि तो हळूहळू कलतो. अर्ध्या सेकंदाचं शटर ठेवून, म्हणजे कॅमेऱ्याला तेवढा वेळ उजेड आत घेऊ देऊन, परतत्या पाण्याच्या रेघा काढायला गेलात की हे कळतंच. उसळत्या लाटेचा थेंब न् थेंब हवा असेल तर सेकंदाचा हजारावा भाग. पावसाळ्यात मात्र पाण्यापासून लांब राहा, आणि कुठल्याही ऋतूत पाण्याच्या कडेला उभं राहून, डोळा कॅमेऱ्याला लावून समुद्राला पाठ दाखवू नका.

आता माणसांबद्दल. मिरकरवाड्याच्या बंदरावर एका सकाळी एक मावशी सुरमई कापत होत्या. कोयत्याखाली चंदेरी तुकडे, हिरव्या बांगड्यांवर चिकटलेली खवलं. मी फोन पुढे केला आणि दोन-तीन फोटो काढले. मावशींनी कोयता थांबवला. "ओ बाय, आधी इचारायचं तरी." एवढंच म्हणाल्या, पण मला लाज वाटली. मी फोन ठेवला, बांगडे घेतले आणि परत आले. पुढच्या रविवारी गेले ती विचारूनच. चेहरा नको म्हणाल्या, हात काढ म्हणाल्या. त्याचा सहा बाय चारचा प्रिंट काढून नेऊन दिला. त्यांनी हात पदराला पुसले, प्रिंट कडेने धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. "बांगड्या चांगल्या आल्यात," म्हणाल्या आणि पैशांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आत सरकवून ठेवला. त्यानंतर बंदरावर मला कोणी अडवलं नाही. प्रिंटला फार पैसे पडत नाहीत. महिन्याला पाच प्रिंट काढा आणि ज्यांचे आहेत त्यांना नेऊन द्या.

बंदरावरची एक अडचण आधीच सांगते. तिथे डोक्यावर निळी ताडपत्री असते आणि तिच्याखाली सगळं निळं येतं, मासळीही आणि माणसंही. ताडपत्रीच्या कडेला, मोकळ्या उजेडाकडे दोन पावलं सरका. नाहीतर व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग, हाताने बदला.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा बंदरावर जाऊ नये असं वाटतं, पण मला तेच दिवस आवडतात. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, सावलीत बसून जाळी दुरुस्त करणारे खलाशी, ढगांमुळे कुठेही कडक सावली नाही. माणसांकडे बोलायला वेळ असतो.

आणि पावसानंतर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, जा. कातळावर सीतेची आसवं फुललेली असतात, ती बघायला पोटावर झोपावं लागतं. कातळशिल्पांसाठी, म्हणजे सड्यावरच्या कातळात खोदलेल्या जुन्या चित्रांसाठी, मात्र थंडी बरी. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत आणि त्यातली उक्षी, जांभरूण आपल्या शहरापासून जवळ. मी पहिल्यांदा उक्षीला गेले ती रविवारी जेवून, भर दुपारी. डोक्यावर ऊन, जांभ्याचा कातळ सपाट तापलेला, आणि तिथे कोरलेला हत्ती फोटोत काही केल्या दिसेना. दुसऱ्यांदा पाचच्या सुमाराला गेले. ऊन तिरकं झालं, रेघांच्या एका काठाची सावली आत पडली आणि सोंड, पाठ, पाय एकेक करून वर आले. खोदकाम उथळ असतं, त्याला सावलीशिवाय आकार नाही. म्हणून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, आणि सूर्य आपल्या बाजूला येईल असं उभं राहायचं. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवणं किंवा पाणी ओतणं कधीही करू नका, शिल्पावर पाय देऊ नका. अनेक शिल्पं लोकांच्या खाजगी जमिनीत आहेत, वाडीत विचारून मगच जा.

भाट्याच्या काकांचा फोटो काढायला मला तीन वर्षं लागली. आधी धीर होईना, मग उजेड जुळेना. एका कार्तिकी पौर्णिमेला ओहोटीच्या वेळी ते होडी ढकलत खाडीच्या तोंडाशी आले आणि पायाखालच्या ओल्या वाळूत आभाळ होतं. वल्हं उचललेलं, त्याच्या टोकाचा एक थेंब सुटलेला. एकतीस फोटोंतला तो एक. प्रिंट दिला तेव्हा त्यांनी तो उलटा केला, मागे मी तारीख लिहिली होती.

"तिथी?" त्यांनी विचारलं.

मी तिथेच पेन काढून लिहिली. तेव्हापासून प्रत्येक प्रिंटच्या मागे तारखेखाली तिथी असते.