उंचीवर गाडी गुदमरते तेव्हा: कार्बोरेटरचा माझा अनुभव

साडेतीन हजार मीटरवर पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी दुसऱ्या गिअरमध्येच धापा टाकू लागली. ॲक्सिलरेटर पिळला की नुसती भकभक आणि सायलेन्सरमधून काळा धूर. पेट्रोल कमी पडतंय असं समजून मी कार्बोरेटरचं (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) मिक्श्चर, म्हणजे हवेतलं पेट्रोलचं प्रमाण, आणखी वाढवलं आणि गाडी बंदच पडली. प्लग काढला तर तो काजळीने भरलेला. पेट्रोल कमी नव्हतं, जास्त होत होतं.

त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्केच उरतो. हवा विरळ होते, जेटचं (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) भोक मात्र तेवढंच राहतं. पेट्रोलही थोडं कमी ओढलं जातं, पण हवेइतकं नाही, म्हणून मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढतं.

नवख्यांचा सगळा जोर हे मिश्रण कमीजास्त करणाऱ्या मिक्श्चर स्क्रूवर असतो. माझाही होता. पण तो स्क्रू आयडलिंगपासून (ॲक्सिलरेटर न पिळता इंजिन नुसतं चालू असणं) जेमतेम पाव थ्रॉटलपर्यंतच, म्हणजे ॲक्सिलरेटर पाव पिळेपर्यंतच, काम करतो. पाव ते पाऊण थ्रॉटलचा भाग निडलचा (पेट्रोलच्या वाटेत वरखाली होणारी सुई), त्यापुढचा मेन जेटचा. म्हणून आधी गाडी नेमकी किती थ्रॉटलला अडखळते ते बघा, मगच पाना हातात घ्या.

स्क्रूला हात लावण्याआधी तो हलकेच पूर्ण आत फिरवून किती फेरे बसले ते वहीत लिहा (जोर लावलात तर टोक खराब होतं), मग तेवढेच फेरे परत बाहेर काढा. आता तो कुठे आहे ते पाहा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर बहुधा तो एअर स्क्रू: बाहेर काढला की मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी. इंजिनाच्या बाजूला असेल तर बहुधा फ्युएल स्क्रू, तिथे उलट, आत घेतला की लीन. इंजिन गरम असताना पाव-पाव फेरा फिरवा आणि आयडलिंग सर्वांत स्थिर लागेल तिथे थांबा.

निडलची क्लिप वरच्या खाचेत बसवली की निडल खाली उतरते आणि पेट्रोल कमी होतं. मुक्काम उंचावरच असेल तरच मेन जेट एक-दोन नंबर लहान करा. एका वेळी एकच बदल. व्हॅक्यूम स्लाइडचा (इंजिनाच्या ओढीने आतली स्लाइड आपोआप उचलली जाते असा) कार्बोरेटर बराच भाग स्वतःच सांभाळतो, त्याला उगाच छेडू नका.

एअर फिल्टर काढून टाकायचा सल्ला कुणीतरी देईलच. कृपया ऐकू नका, धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. आणि सगळं अचूक जुळलं तरी दर हजार मीटरमागे साधारण दहा टक्के ताकद जाणारच. ती स्क्रूने परत येत नाही, खालच्या गिअरमध्ये चढायचं.

खरा धोका उतरताना असतो. खाली हवा दाट झाली की तेच सेटिंग लीन ठरतं, इंजिन तापतं आणि पिस्टनवर बेततं. म्हणून मूळ जेट मी टूलकिटमध्येच ठेवतो. उतार संपला की इंजिन थंड होऊ देतो, जेट बदलतो, क्लिप जागेवर आणतो आणि वहीतले फेरे मोजून स्क्रू पूर्वीसारखा लावतो.