पुलहमाइटच्या खडकबागा दुरुस्त करताना या चुका टाळा

रॅम्सगेटचा मदेरा वॉक किंवा फोकस्टोनची झिगझॅग वाट (1921) बघताना खडक अस्सल वाटतात. आत असतो विटा-दगडांचा भर आणि वर हाताने घडवलेला सिमेंटचा गिलावा. हेच जेम्स पुलहम अँड सन कंपनीचं पुलहमाइट. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या अशा बागांची दुरुस्ती निघाली, की ठरलेले घोळ होतातच.

सगळ्यात महागाची चूक म्हणजे तड्यात तगडा माल कोंबणं. 'सिमेंट जास्त म्हणजे मजबुती जास्त' हे खूळ काही केल्या जात नाही. उन्हाळ्यात ठिगळ झकास दिसतं. पण असा माल सुकताना आकसतो, कडेने केसभर फट पडते आणि पावसाचं पाणी त्यातून आत मुरतं. थंडीत ते गोठून फुगतं, आणि ठिगळ खाली येताना आजूबाजूचा जुना गिलावाही घेऊन येतं. पुढच्या वर्षी भोक दुप्पट, माल तोच.

आधी लाकडी हातोडीने सगळा खडक ठोकून बघा आणि पोकळ वाजेल तिथे खडूने खूण करा. तड्यांत उगवलेली बडलियाची झुडपं, आयव्हीचे वेल उपटू नका; मुळासकट गिलावाही निघतो. बुंध्याशी कापा, खुंटाला तणनाशक लावा आणि मरू द्या. सुटलेला भाग छिन्नीने काढून कडा काटकोनात, निदान 15 मिमी खोल घ्या. निमुळती कड सगळ्यात आधी उडते. माल जुन्या गिलाव्याचा नमुना तपासूनच ठरवा; अंदाजाने सुरुवात करायची तर 1 भाग सिमेंटला 3 ते 4 भाग धुतलेली वाळू. रंग वाळूतूनच आणा. रंगाची पूड घालून केलेलं ठिगळ लांबूनही ओळखू येतं. नमुना फळीवर थापा आणि पूर्ण वाळल्यावरच जुन्याशी ताडून बघा. थर 10 मिमीचे, वर ओलं गोणपाट किमान 7 दिवस. पारा 5 अंशांखाली गेला तर घरी बसा. घाई असेल त्याने दुसरं काम धरावं.

किनाऱ्यावरची फुकटची वाळू नको. तिच्यातल्या मिठाने पांढरे डाग फुटतात. प्रेशर वॉशरही नको, त्याने घडवलेला पोत धुऊन जातो. पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

दुसरं खूळ 'समुद्र दिसला पाहिजे'. मग वाऱ्याकडची होम ओक, युओनिमस, टॅमरिस्क ही वारा अडवणारी झाडं-झुडपं एका दमात साफ, आणि आडोशाला वाढलेल्या झाडांची पानं पहिल्याच वादळात खाऱ्या वाऱ्याने करपतात. वर्षाला फार तर एक तृतीयांश काढा. मोकळ्या झालेल्या जागी भरीव कुंपण घालू नका, वारा त्यावरून उसळून आत आदळतो. निम्मा वारा गाळून सोडणारी जाळी लावा आणि मागे 40 ते 60 सेंमीची रोपं. दोन मीटरची आयती झाडं घेणाऱ्यांना आधाराच्या काठ्या सावरत बसावं लागतं.

रॅम्सगेटच्या चुनखडीवर रोडोडेंड्रॉन लावू नका. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू 316 ग्रेडचेच घ्या, 304 ग्रेडवर खाऱ्या हवेत तांबूस गंज चढतो. आणि कड्याच्या माथ्यावर तुषार सिंचन तर नकोच. ते पाणी मुरून कडाच ढासळू शकतो.