जुना दाताचा दवाखाना जपायचा आणि मांडायचा कसा

घरातल्या एखाद्या डॉक्टरांचा ८०-१०० वर्षांपूर्वीचा दवाखाना बंद खोलीत तसाच उभा असतो: ओतीव लोखंडाची खुर्ची, दात कोरायचं पायाने चालवायचं मशीन, पिकदाणी, बारीक खणांचं कपाट. खोली उघडली की पहिला हात फडक्याकडे जातो. तो आवरा. खुर्चीचं तोंड खिडकीकडे का, तर वीज भरवशाची नव्हती आणि उजेड थेट तोंडात पडायला हवा होता. झाडलोटीसाठी खुर्ची भिंतीला सरकवली की ही गोष्ट कायमची पुसली जाते.

१. आधी नोंद

चारही भिंतींचे समोरून फोटो काढा. मग एकेक खण उघडून वरून काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. आलेख कागदावर १:२० प्रमाणात खोलीचा नकाशा करा. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. तिसऱ्या खणातली बारावी वस्तू म्हणजे '३-१२'. क्रमांक सुती फितीवर लिहून सैल बांधा. स्टिकर किंवा चिकटपट्टी लावू नका, त्याचा गोंद निकेलच्या मुलाम्यावर डाग सोडतो. खुर्चीच्या पायावर पेटंटच्या तारखा ओतलेल्या असल्या तर उतरवून घ्या. ते खुर्ची बनल्याचं वर्ष नव्हे; खुर्ची त्यानंतरची, एवढंच त्यातून ठरतं.

२. पारा आणि बाटल्या

ही पायरी घाईने करू नका. 'दातात चांदी भरणं' म्हणजे चांदी-कथलाचा कीस पाऱ्याबरोबर खलात घोटून केलेला लगदा भरणं. जास्तीचा पारा मऊ चामड्यातून पिळून काढत. त्यामुळे पारा खलात, त्या चामड्यात, खणांच्या सांध्यांत आणि फरशीच्या फटींत आजही सापडतो. पाण्याच्या साडेतेरापट जड असल्याने तो सगळ्यात खालची फट गाठतो आणि तिथून वर्षानुवर्षं त्याची वाफ येत राहते.

लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांना लांब ठेवा, पंखा बंद करा. अंगठ्या, बांगड्या काढा. पारा सोन्यात मुरतो. नायट्राइलचे हातमोजे घाला. खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीलगत आडवी धरली की थेंब टाचणीच्या डोक्यासारखे चमकतात. मग खिडक्या उघडा. दोन जाड कार्डांनी थेंब एकत्र ढकला, ड्रॉपरने ओढा, बारीक कण चिकटपट्टीने उचला आणि सगळं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत बंद करा. झाडू मारू नका, व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको. त्याच्या गरम हवेबरोबर वाफ खोलीभर पसरते. मोरीतही ओतू नका. बरणी कुठे द्यायची, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात विचारा.

कपाटात कार्बोलिक आम्ल, सोमलाची (आर्सेनिकची) पेस्ट, ईथर, पिक्रिक आम्ल यांच्या बाटल्या निघू शकतात. बुचाभोवती स्फटिक जमलेली बाटली हलवू नका, बूच फिरवू नका. सुकलेलं पिक्रिक आम्ल आणि जुनं ईथर घर्षणाने फुटू शकतं. जाणकार रसायनतज्ज्ञाला बोलवा. काढलेल्या दातांची बरणी असेल तर दात उकळू नका, त्यातल्या चांदीतून पाऱ्याची वाफ निघते. जुनं एक्स-रे मशीन विजेला जोडून पाहण्याचा मोह टाळाच.

३. साफसफाई, थोडीच

निकेलवर पितळ उजळायचं पॉलिश लावू नका. मुलामा झिजतो आणि कोरीव अक्षरांत पांढरी पूड अडकून बसते. मऊ कोरडा ब्रश, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंचित ओला केलेला कापसाचा बोळा आणि लगेच कोरडं फडकं. मुलामा नसलेल्या पोलादावरचा गंज ०००० नंबरच्या (अगदी बारीक) स्टील वूलने, मशीनचं पातळ तेल लावून उतरतो. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (पेट्रोलियमपासूनच्या बारीक कणांच्या मेणाचा) पातळ हात द्या.

खुर्चीच्या कातड्याला खोबरेल किंवा बूटपॉलिश लावू नका. ते मऊ होत नाही, चिकट होतं आणि त्याला बुरशी धरते. फाटलेली गादी नव्याने मढवू नका, वरून त्याच रंगाची बारीक जाळी टाका. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने वर-खाली होणाऱ्या) खुर्चीचा पंप मारून पाहू नका, आतली वॉशरं वाळलेली असतात. बैठकीखाली लाकडी ठोकळ्यांचा आधार द्या. खुर्ची उचलायची झाली तर तिच्या पायाकडून, तिच्या हातांना धरून कधीच नाही. पायाच्या मशीनचा पट्टा ताणलेला असेल तर उतरवून ठेवा. १८७१ साली मॉरिसन या अमेरिकन दंतवैद्याने पेटंट घेतलेल्या या मशीनला वीज लागत नसे.

व्हल्कनाइटची कवळी म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. उजेडात तिचा रंग उडतो आणि पृष्ठभागावर आम्ल तयार होतं, म्हणून पाण्याने धुवायची नाही. चांदीच्या वस्तूंजवळ ठेवलीत तर चांदी काळी पडेल.

४. हवा आणि उजेड

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के उत्तम. पावसाळ्यात कोकणात ते जमणं कठीण, पण ६५च्या वर गेली की बुरशी आलीच. डिजिटल आर्द्रतामापक लावा. दिवसा एसी चालू आणि रात्री बंद, असं नको. त्या चढउताराने लाकूड तडकतं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून निदान ५ सेंमी दूर ठेवा. कातडं, कापड, कागद यांना ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको. काचेच्या पेटीत अस्तर धुतलेल्या कोऱ्या सुती कापडाचं घाला. लोकरी फेल्टमधला गंधक चांदी काळवंडतो, तर प्लायवुडमधून सुटणारी आम्लं शिशाला खातात.

५. मांडणी

दात उपटायचे चिमटे सूर्यकिरणांसारखे भिंतीवर लावण्याची पद्धत दिसते छान, पण त्यातून कळत काहीच नाही. ते दातांच्या क्रमाने आडवे मांडा. वरच्या दाढांच्या चिमट्यांची जोडी शोधा: चिमट्याच्या एका पात्याला टोक, दुसरं गोलसर. वरच्या दाढेला गालाकडे दोन मुळं असतात आणि ते टोक बरोबर त्यांच्या मधे बसतं. म्हणूनच डाव्या आणि उजव्या बाजूचा चिमटा वेगळा. शेजारी दाढेचं मोठं चित्र ठेवा, इतके चिमटे कशाला हा प्रश्न उरत नाही.

उजव्या हाताने काम करणारा डॉक्टर रुग्णाच्या उजवीकडे उभा राही, तेव्हा पिकदाणी डावीकडे आणि हत्यारांचा ट्रे उजवीकडे. तुमचा नकाशा वेगळं सांगत असेल तर नकाशाच खरा. पाहुण्यांना अडवणारी दोरी मांडणीपासून निदान एक मीटर अंतरावर बांधा. टोकदार हत्यारं नायलॉनच्या दोऱ्याने बांधा, गोंदाने चिकटवू नका.

हस्तिदंती मुठीची हत्यारं विकता येत नाहीत, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आड येतो. रुग्णांची वही मांडायचीच असेल तर मूळ वही बंद ठेवा आणि नावं झाकून एका पानाची प्रत शेजारी लावा. त्यांची नातवंडं त्याच गावात राहत असतील.