वेल्समधलं घराणं शोधताना: नाव नंतर, गाव आधी

माझं माहेर पुण्याचं आणि सासर दक्षिण वेल्समधल्या मर्थर टिडफिलजवळच्या कोळशाच्या खोऱ्यातलं. आजेसासऱ्यांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात गेले, एवढंच घरात ठाऊक होतं. कुठे, कधी, कोणत्या पलटणीत, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. आडनाव जोन्स, पहिलं नावही दर गल्लीत दोन निघतील असं. त्यांचा माग लागला तेव्हापासून ओळखीतले लोक मला रीत विचारतात, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते.

वेल्समध्ये नुसत्या नावावरून माणूस सापडत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. तिथे पूर्वी कायमचं आडनाव नव्हतंच. मुलाच्या नावापुढे ‘अप’ किंवा ‘अब’ आणि मग बापाचं नाव. अप ऱ्हीसचा प्राइस झाला, अप हॉवेलचा पॉवेल, अब ओवेनचा बोवेन. जोन्स, डेव्हिस, इव्हान्स ही आडनावंसुद्धा बापांचीच नावं आहेत, पुढे गोठून गेलेली. खेड्यापाड्यांत ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली, त्यामुळे जुन्या नोंदींत बाप-लेकाची आडनावं वेगळी दिसली तर दचकू नका. माणूस ओळखायचा तो गावावरून, घराच्या किंवा शेताच्या नावावरून, बापाच्या नावावरून, धंद्यावरून आणि चॅपेलवरून, म्हणजे सरकारमान्य चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथांच्या प्रार्थनाघरावरून. यातल्या तीन गोष्टी जुळल्याशिवाय कोणालाही आपल्या वंशावळीत बसवू नका. आयत्या वंशावळी इंटरनेटवर ढिगाने मिळतात. मी त्यांतलं काहीही मूळ नोंद पाहिल्याशिवाय घेत नाही.

सुरुवात घरातल्या कपाटापासून करा. कुटुंबाचं बायबल असेल तर त्याच्या आतल्या पानांवर जन्म-मृत्यू लिहिलेले असतात. युद्धात गेलेल्याच्या घरच्यांना सरकारकडून काशाची मोठी गोल चकती मिळत असे. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा नाही, पलटण नाही. पदकांचं तसं नाही. साध्या शिपायाच्या पदकाच्या कडेवर त्याचा क्रमांक, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. आमच्याकडे सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात एक पदक होतं. ते भिंगाखाली तिरकं धरलं आणि क्रमांक वाचता आला. हजारो जोन्समधून आमचे जोन्स वेगळे काढले ते त्या क्रमांकाने.

मग जनगणना. १८४१ पासून दर दहा वर्षांनी झालेली जनगणना पाहता येते, १९२१ पर्यंतची. १८४१ मध्ये मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात, त्यावर विसंबू नका. माझ्या मते सगळ्यांत मोलाची १९११ ची, कारण तो कागद घरच्यांनी स्वतःच्या हाताने भरलेला आहे. लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली, किती जगली, हेही त्यात आहे. वेल्समध्ये भाषेचाही रकाना असे. आमच्या कागदात आई-वडिलांपुढे वेल्श आणि मुलांपुढे दोन्ही भाषा, थोरला मुलगा पंधरा वर्षांचा आणि खाणीत कामाला. १९३१ चे कागद १९४२ च्या आगीत जळाले आणि १९४१ मध्ये जनगणना झालीच नाही. ती पोकळी थोडीफार भरते १९३९ ची नोंदवही, दुसरं महायुद्ध सुरू होताच घरोघरच्या माणसांची केलेली.

जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून. सरकारी नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत जन्माच्या नोंदीसोबत आईचं माहेरचं आडनाव मिळतं. जोन्सांच्या गर्दीत तोच आधार. १८३७ च्या मागे चर्चच्या वह्या पाहाव्या लागतात, आणि इथे एक खुबी आहे. वेल्समधली बरीच कुटुंबं चर्चची नव्हे, चॅपेलची. त्यांतले बाप्टिस्ट पंथाचे लोक तर तान्ह्या बाळाचा बाप्तिस्माच करत नाहीत, मग जन्माची नोंद कुठली मिळणार? पण १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून सगळ्यांना लग्न सरकारमान्य चर्चमध्येच लावावं लागे. म्हणून जन्म सापडला नाही तरी लग्न शोधा. ॲबरिस्टविथ इथल्या वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं आणि १९१९ पर्यंतची वर्तमानपत्रं फुकट खुली ठेवली आहेत. वर्तमानपत्रांत माणसाचं नाव टाकून शोधण्यापेक्षा चॅपेलचं किंवा रस्त्याचं नाव टाका. आमची बातमी तशीच मिळाली: चॅपेलमधली शोकसभा, धाकट्या भावंडांच्या नावांसकट.

आता युद्ध. शिपायांच्या सेवापुस्तकांपैकी निम्म्याहून जास्त १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली, तेव्हा ती मिळाली नाहीत तर तिथे थांबू नका. पदकांची कार्डं शाबूत आहेत. मृत शिपायाचा थकलेला पगार कोणाला दिला त्याच्या वह्याही आहेत, आणि त्यांत वारसाचं नाव असतं. आमच्या शंकेचा शेवट तिथेच झाला, कारण पैसे आईच्या नावे गेले होते. कॉमनवेल्थ युद्ध कबर आयोगाच्या संकेतस्थळावर कबर किंवा स्मारक शोधता येतं. वेल्सच्या स्वतःच्या स्मरणग्रंथात सुमारे ३५,००० नावं आहेत, तोही राष्ट्रीय ग्रंथालयामुळे ऑनलाइन वाचता येतो.

तारीख कळली की पलटणीची युद्धदैनंदिनी वाचा. तिच्यात साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण त्या दिवशी पलटण कुठे होती ते कळतं, कधी कधी तासागणिक. आमच्यांची तारीख १० जुलै १९१६. त्या दिवशी ३८वी वेल्श डिव्हिजन (अनेक पलटणींचा मोठा गट) फ्रान्समधल्या सोमच्या रणभूमीवरच्या मामेट्झच्या रानात शिरली होती. ७ ते १२ जुलैच्या त्या लढाईत डिव्हिजनचे सुमारे ४,००० जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. ज्यांची कबर सापडली नाही अशा ७२,००० हून अधिकांची नावं थीपव्हालच्या स्मारकावर आहेत, आमचेही तिथेच. गावच्या दफनभूमीतही एकदा चक्कर मारा. फ्रान्समध्ये पडलेल्या मुलाचं नाव आई-वडिलांच्या दगडावर कोरण्याची पद्धत होती. ‘एर कोव आम’ म्हणजे ‘च्या स्मरणार्थ’, त्याखालच्या सगळ्या ओळी वाचा.

माणूस व्यापारी जहाजावरचा खलाशी असेल आणि समुद्रात गेला असेल तर लंडनचं टॉवर हिलचं स्मारक पाहा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या साध्या नागरिकांचीही नोंद युद्ध कबर आयोगाकडे आहे, राहत्या पत्त्यासकट. फेब्रुवारी १९४१ मध्ये स्वान्सीवर सलग तीन रात्री बॉम्ब पडले, तिथलं कुटुंब असेल तर तिकडूनच सुरुवात करा.

आणि वेल्सचा प्रत्येक शिपाई फ्रान्सला गेला असं धरून चालू नका. वेल्समधल्या ब्रेकनॉकशर परगण्याची एक पलटण आधी एडनला आणि मग महूला होती. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात वारलेल्या आणि ज्यांच्या छावणीतल्या कबरी सांभाळणं अशक्य झालं अशा १,८०० हून अधिक सैनिकांची नावं आपल्या खडकीच्या युद्ध दफनभूमीत कोरलेली आहेत. इकडचे लोक मला त्या नावाचा फोटो मिळेल का विचारतात आणि मी माहेरी निरोप धाडते. तुम्ही पुण्यात असाल आणि कोणी असं विचारलं, तर आयोगाच्या संकेतस्थळावर ‘Kirkee’ (किर्की) असं इंग्रजी स्पेलिंग टाकून शोधा, फलकाचा क्रमांक लिहून घ्या आणि मगच जा.