ढोबळ चूक सरासरीत मुरते: मोजणीचं समायोजन करताना या चुका टाळा

टोटल स्टेशनवर (जमीन मोजणीत अंतर आणि कोन मोजणारं यंत्र) एकच अंतर पाचदा घेतलं: ८४.३१२, ८४.३१४, ८४.३१३, ८४.३१५ आणि ८४.४१३ मीटर. शेवटचं वहीत उतरवताना ३ चा ४ झालेला. सरासरी येते ८४.३३३, म्हणजे चारही चांगली रीडिंग जवळपास २० मिमीने ‘चुकीची’ ठरली.

यावर बहुतेक जण ‘तीन सिग्माबाहेरचं काढून टाका’ म्हणतात (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन, आकडे किती विखुरलेत त्याचं माप). इथेच फसगत होते. या पाच आकड्यांचं प्रमाण विचलन ४४.५ मिमी, तिप्पट १३३.५. आणि चुकीचं रीडिंग सरासरीपासून फक्त ८० मिमीवर. गणितच असं आहे की पाच रीडिंगांत कोणतंही रीडिंग १.७९ सिग्माच्या पलीकडे जाऊच शकत नाही! चुकीनेच मोजपट्टी ताणली, मग त्याच पट्टीने चूक कशी सापडणार?

ह्यूबरची १९६४ ची पद्धत, म्हणजे मर्यादेपलीकडच्या रीडिंगला काढून न टाकता कमी वजन देणं, वापरली तरी हा धोका टळत नाही. मर्यादा १.५ सिग्मा धरून तोच ४४.५ चा सिग्मा दिला, तर त्या रीडिंगचं वजन जेमतेम ०.८४ पर्यंत उतरतं. म्हणून आधी मध्यक घ्या: ८४.३१४. मध्यकापासूनच्या फरकांचा मध्यक १ मिमी, त्याला १.४८२६ ने गुणलं की सिग्मा सुमारे १.५ मिमी. आता त्याच रीडिंगचं वजन ०.०२. पद्धत तीच, फक्त सिग्मा बदलला.

जाळ्याच्या समायोजनात (अनेक बिंदूंमधली सगळी मोजमापं एकमेकांशी जुळवून बिंदूंची स्थानं काढताना) आणखी एक चूक हमखास होते: सगळ्यात मोठा अवशेष, म्हणजे मोजलेल्या आणि जुळवलेल्या किमतीतला फरक, दिसला की तेच निरीक्षण दोषी धरायचं. ज्या निरीक्षणाला पडताळणारी इतर निरीक्षणं कमी, त्याची चूक त्याच्या अवशेषात फारशी उमटत नाही. अतिरिक्ततेचा अंक (चुकीचा किती भाग अवशेषात दिसतो ते सांगणारा आकडा) ०.१ असेल, तर ५० मिमीच्या चुकीतले ५ मिमीच दिसतात, बाकीचे बिंदूंच्या स्थानांत मुरतात. त्यामुळे प्रत्येक अवशेषाला त्याच्या स्वतःच्या प्रमाण विचलनाने भागून मगच तुलना करा. अशीच तुलना करणाऱ्या बार्डांच्या चाचणीत ०.१ टक्का पातळीला या भागाकाराची मर्यादा ३.२९ आहे, त्यापलीकडचं निरीक्षण संशयित. संशयित निरीक्षणं एकदम चार-पाच काढू नका. एक काढा, समायोजन पुन्हा चालवा. पहिलं काढल्यावर उरलेली बऱ्याचदा निर्दोष निघतात.

खुल्या ट्रॅव्हर्सला (एका बिंदूवरून पुढच्यावर जाणारी, पण ज्ञात बिंदूवर न मिटणारी मोजणीची साखळी) जाळ्याच्या या तपासण्या लागू पडत नाहीत, तिथे पडताळायला जादा निरीक्षणच नसतं. आणि प्रिझमचा स्थिरांक (समोरच्या परावर्तकासाठी प्रत्येक अंतरात धरायची ठरावीक दुरुस्ती) ३० मिमीने चुकीचा भरला असेल, तर सगळीच अंतरं एकमुखाने खोटं बोलतात. अशा वेळी मध्यकही त्यांच्याच बाजूने जातो. त्यासाठी एका सरळ रेषेत तीन बिंदू घ्या, पूर्ण अंतर आणि त्याचे दोन तुकडे वेगवेगळे मोजा. तुकड्यांची बेरीज पूर्ण अंतराहून जितकी जास्त वा कमी, तितकी चूक स्थिरांकात.