टँकलेस हीटर: पाणी गार-गरम होणं आणि थंडीत गोठणं

आमचं घर अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसमध्ये; गॅसचा टँकलेस हीटर, म्हणजे टाकी नसलेला, वाहतं पाणी तापवणारा हीटर, बाहेरच्या भिंतीवर. अंघोळ चालू असताना पाणी मध्येच गार व्हायचं, मग एकदम चटका बसेल इतकं गरम. अशा हीटरचा बर्नर पेटता राहायला ठरावीक प्रवाह लागतो, मिनिटाला साधारण दोनेक लिटर. त्याखाली गेला की बर्नर विझतो. थंड पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी काढली, तर तिच्यावर पांढरा, खरखरीत क्षार बसलेला. टूथब्रशने घासून काढला. मग हीटरचे गरम आणि थंड पाण्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून छोट्या पंपाने पांढरं व्हिनेगर तासभर आतून फिरवलं, साध्या पाण्याने धुतलं. तापमान १२० फॅरेनहाइटवर, म्हणजे ४९ सेल्सिअसवर ठेवलं. घरात लहान मूल असेल तर याच्या वर जाऊच नका; १४० फॅरेनहाइटचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

खरी काळजी गोठण्याची. हीटरमधलं गोठणरोधक यंत्र विजेवर चालतं. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासमध्ये लाखो घरांची वीज गेली, ती नेमकी कडाक्याच्या थंडीत. शिवाय ते यंत्र बाहेरचे पाइप वाचवत नाही. त्यांच्यावर मी थर्मोस्टॅटची हीट केबल, म्हणजे थंडी वाढली की आपोआप तापणारी विजेची तार लावली, वर फोम चढवला.

वीज जाऊन पारा शून्य सेल्सिअसखाली उतरणार असेल तर वाट पाहू नका. आधी गॅस बंद, मग थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, घरातले गरम पाण्याचे नळ उघडे, आणि हीटरखालची निचऱ्याची बुचं काढून पाणी पूर्ण सोडून द्या. जाळी बसते त्या कप्प्यातही पाणी उरतं, तेही काढा.